डावखुरा शिलेदार

शिलेदारानं तलवार उपसली ती उजव्या हातानं. तंबूत शिट्ट्या झाल्या, पुढं मातीत बसलेल्या पोरांनी टाळ्या पिटल्या, कुणीतरी टोपी उडवली, आणि भगवान मात्र लोखंडी खुर्चीत होता तसाच राहिला. आधी त्याला वाटलं, ही तलवार दुसऱ्याच कुणाची असेल. पडद्यावर धूळ होती, घोडे होते, पाचसहा माणसं एकदम पुढं घुसली होती; अशा गर्दीत कुणाचा हात कुठला ते कळायला वेळ लागतो. पण मग धूळ बसली आणि चेहरा मोठा झाला. त्याच जाड भुवया, तोच हनुवटीवरचा खड्डा, तेच किंचित हसणं. इतक्या वर्षांनी तो चेहरा पाहून छाती भरून यायला हवी होती. ती आली नाही. तलवार उजव्या हातात होती, डाव्या हातात घोड्याचा लगाम होता, आणि त्यात चुकून झाल्यासारखं काहीच नव्हतं.

त्यानं मान वळवून दोराकडं पाहिलं. तंबूत मधोमध बांबू रोवून सुंभाचा जाड दोर बांधला होता; दोराच्या अलीकडं पुरुष, पलीकडं बाया. पलीकडं कुठंतरी त्याची बायको आशा बसली होती आणि तिच्याजवळ प्रेमू. आत शिरताना प्रेमूनं त्याचा हात सोडला नव्हता. ‘मी बाबांजोळ बसते’ म्हणून तिनं बराच हट्ट केला, पण दारावरच्या माणसानं ‘पोरीची जात, बाईकडं बसंल’ असं म्हणून तिला हलकेच पलीकडं सारलं, आणि भगवाननंही काही ओढून धरलं नाही. त्याला वाटलं होतं, बरंच झालं, मधल्या सुट्टीत पळत येईल, तिचे डोळे बघायला मजा येईल. आता त्या बाजूला पदर आणि अंबाडे एवढंच दिसत होतं. पडद्यावर उजेड वाढला की तेवढ्यापुरत्या काही गालांच्या कडा चमकत आणि पुन्हा सगळं अंधारात जाई. त्यातला एक गाल आपल्या पोरीचा आहे आणि तिनंही आत्ता तेच पाहिलं आहे, हे त्याला नीट कळत होतं.

करार झाला होता सोमवारी. त्या दिवशी टांग्यावर भोंगा बांधून तंबूवाला चिखलीभर फिरला. ‘सातगडचा शिलेदार! पाहायला विसरू नका!’ प्रेमू शाळेतून दप्तर छातीशी धरून धावत आली आणि उंबऱ्यातूनच ओरडली, ‘बाबा, आपला शिलेदार आला!’ आपला. तो शब्द ऐकून भगवानला काय झालं ते सांगायचं तर, कचेरीतून येऊन तो पाय धूत होता, तो तांब्या तसाच हातात धरून उभा राहिला. हा सिनेमा कुठं तरी शिल्लक आहे, त्याची रिळं अजून या गावाहून त्या गावाला बैलगाडीतून, मोटारीतून फिरताहेत, उंद्रीच्या बाजारात आठ दिवस चालून आता इथं आली आहेत, याची त्याला कल्पनाच नव्हती. आशा चुलीपुढं भाकरी थापत होती. ती न वळता म्हणाली, ‘चला, बरं झालं. एकदाचा निकाल लागंल.’ कसला निकाल ते तिघांनाही माहीत होतं. प्रेमूच चढ्या आवाजात म्हणाली, ‘हाव! लागू दे ना मंग. शिलेदार डावखुरा असंल तर मी डाव्या हातानंच लिहीन अन् डाव्या हातानंच जेवीन. तू मले काही म्हनायचं नाही.’ आशानं विचारलं, ‘अन् नसंल तर?’ पोरगी हसली. तिला तो प्रश्नच गमतीचा वाटला. ‘नसंल तर तू म्हनशीन तसं. जन्मभर. देवाशपथ.’ मग दोघींनी भगवानकडं पाहिलं, आणि तोही हसत म्हणाला, ‘मंजूर.’

त्याला मंजूर न व्हायला काय झालं होतं! शिलेदाराला तो जितका ओळखत होता तितका तहसील कचेरीतल्या माणसांना ओळखत नव्हता. कचेरीत भगवानराव म्हणजे खाली मान घालून आवक-जावक बघणारा, चहाच्या वेळी कोपऱ्यात बसणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. कुणी त्याला आवडनिवड विचारली असती तर त्याला पटकन काही सांगता आलं नसतं. घरी मात्र जेवण झालं की प्रेमू त्याच्या मांडीला टेकून बसे आणि म्हणे, ‘सांगा.’ आणि तो सांगे. सातगडाची वाट, वाटेवरचा वाडा, वाड्यातली आंधळी म्हातारी, म्हातारीनं दिलेली तलवार. सांगून सांगून गोष्ट त्याच्या तोंडात गुळगुळीत झाली होती, आणि एखादा घोडा आज पांढरा आणि उद्या तपकिरी झाला तर प्रेमू लगेच पकडी. मग ती म्हणाली, चित्र काढा. त्यानं टाकाऊ कागदांच्या कोऱ्या पाठींवर चित्रं काढली, चित्राखाली दोन-दोन ओळी लिहिल्या, तोंडातून फुगे काढून फुग्यांत संवाद घातले. आशानं गोधडीच्या दोऱ्यानं ती शिवून दिली. पुढं एका पुठ्ठ्यावर त्यानं पटच आखला. सात गड, मध्ये नदी, दोन भुयारं, एक वाघ. कवड्या टाकायच्या आणि चिंचोक्याचा शिलेदार पुढं सरकवायचा. वाघाच्या घरात पडला की परत पहिल्या गडाखाली. आणि पटाचा एक नियम होता, कवड्या डाव्या हातानं टाकायच्या. हा नियम प्रेमूनं केला होता. भगवानला तो जमत नसे, कवड्या भलतीकडं उडत, आणि पोरगी खदखदून हसे. त्या हसण्यासाठी तो मुद्दाम जरा जास्तच उडवी. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या घरात आपण कुणालातरी हवे आहोत असं त्याला त्या पुठ्ठ्यापाशीच वाटत आलं होतं.

प्रेमू जन्मतःच डावखुरी. पहिल्यांदा कुणी लक्ष दिलं नाही, मग सगळ्यांनीच दिलं. शाळेत शेषराव गुरुजी आखणीच्या पट्टीची कड तिच्या डाव्या बोटांवर मारत. दुष्टपणानं नव्हे, ओळीत चालणाऱ्या बैलाला हात लावावा तसं सहज. आशानं जेवताना तिच्या डाव्या मनगटाला चिंधी बांधायला सुरुवात केली आणि चिंधीचं टोक स्वतःच्या पदराला. आशा काही कजाग बाई नव्हती. बांधताना तिचेच डोळे भरत. ‘उद्या सासरी पंगतीत डाव्या हातानं वाढायला गेली तर लोक पान सोडून उठतीन, तवा मले बोल लागंल का तुमाले?’ ती विचारी. भगवानजवळ शिलेदार होता. गुरुजींच्या पट्टीचा वळ दाखवत प्रेमू घरी आली की तो म्हणे, ‘शिलेदारालेबी लहानपनी असंच मारत. म्हनूनच तर त्याचा हात एवढा पक्का झाला.’ हे काही सिनेमात नव्हतं. हे त्यानं घातलं होतं. शेवटच्या लढाईत शत्रूला डाव्या हाताचा वार कळतच नाही, तो उजव्या हाताच्या वारासाठी ढाल धरतो आणि वार येतो भलतीकडून, हेही त्यानंच घातलं होतं. पण मूळ धरून घातलं होतं. मूळ खरं होतं, याबद्दल त्याच्या मनात कधी शंकेची धूळसुद्धा उडाली नव्हती.

रीळ उलटं लावलं असेल. हे सुचलं तसा तो खुर्चीत जरा सावरून बसला. तंबूवाल्यांचं काही खरं नसतं. मशीन जुनं, चालवणारा झोपाळू, फिल्लम कुठली बाजू कुठं करून घातली कोण बघतं? मागं मशीनमधून निळसर पट्टा येत होता आणि त्यात विड्यांचा धूर वळत होता. त्यानं मागं वळून त्या भोकाकडं पाहिलं, जणू तिथून कुणी डोकं काढून माफी मागणार होतं. पण नावं? सुरुवातीची नावं तर सरळ होती. ती त्यानं स्वतः वाचली होती, एकेक, चव घेत. शेजारच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. या सिनेमाची नावं तो आयुष्यात पहिल्यांदाच वाचत होता, कारण मागच्या वेळी ती येऊन गेल्यावरच ते दोघं पोचले होते, तो आणि आई.

त्याच्या गावी, वरवट बकालला, तंबू आला तो एकदाच. गोजरबाई, त्याची आई, तेव्हा पंचविशीचीही नसेल. घर मोठं होतं, जमीन बरीच होती, आणि त्याच्या बापाच्या, उकंडरावांच्या, घरच्या बाया बाजारालाही मागच्या वाटेनं जात. पण तंबू आला म्हटल्यावर गावच्या चार घरच्या बायांनी काय जादू केली कोण जाणे, उकंडराव ‘जा’ म्हणाले. आधी गडीमाणसांची जेवणं, मग उष्टी-खरकटी, मग बाळंतिणीला शेक, आणि मग आईनं त्याचा हात धरून जवळजवळ पळवतच नेलं. त्याला आठवतो तो वास. नव्या कापडाचा, रॉकेलचा आणि तुडवलेल्या गवताचा. आठवतं ते आईचं तोंड. कामात ते नेहमी मिटलेलं असे, त्या दिवशी उघडं होतं. शिलेदारानं तलवार उपसली तेव्हा तिनं त्याचं मनगट इतकं आवळलं की तो कळवळला. ‘पाह्य रे भगवान, पाह्य! त्याचा बी डावाच हाये!’ मग पुढचा सगळा वेळ ती पडद्याकडं पाहत होती आणि तो तिच्याकडं. तिचा डावा हात मांडीवर होता, आणि तलवार जशी फिरे तसा तोही आपोआप थोडा-थोडा हले. बांगड्या वाजत. शेजारून झुंबरकाकू म्हणाल्या, ‘अवं गोजरे, बांगड्या!’ तशी आईनं उजव्या हातानं बांगड्या वर कोपरापर्यंत सारून धरल्या, आणि डावा हात पुन्हा हलायला मोकळा झाला.

त्या हाताच्या पाठीवर डाग होता. सासरी आली तेव्हा ती डाव्या हातानं भाकरी उलटायची, ते बघून सासूनं तेच उलथणं तापवून तिच्या हातावर ठेवलं. हे तिनं त्याला कधी रडून सांगितलं नाही. पायाला काटा कसा लागला ते सांगावं तसं सांगितलं. त्यानंतर ती सगळं उजव्यानं करायला शिकली, फक्त शेणी थापायला एकटी गोठ्यामागं गेली की डावा हात चाले. सिनेमानंतर मात्र तिला एक गोष्ट मिळाली होती. जात्यावर बसली की ती त्याला शिलेदार सांगे, आणि तलवारीपाशी आली की जात्याचा खुंटा डाव्या हातानं धरी. एकदा जेवताना त्यानं बापाला विचारलं होतं, ‘तुमी पाह्यला का डावखुरा शिलेदार?’ उकंडराव म्हणाले, ‘कोन डावखुरा? कायबी बडबडते बे हे पोरगं!’ आई ताटात बघत राहिली. बापानं नीट पाहिलंच नसेल, असं भगवाननं तेव्हा ठरवून टाकलं, कारण बापाला सिनेमात काय कळणार! पुढच्याच साली पटकीत आई गेली. पुढं खामगावला शिकताना आणि नोकरीसाठी अकोल्याला राहताना त्यानं पुष्कळ सिनेमे पाहिले. सगळे नायक उजवेच होते. त्याचं त्याला कधी नवल वाटलं नाही. उलट आपला एक वेगळा आहे याचं त्याला बरंच वाटत आलं.

दिवे लागले. मधली सुट्टी झाली. पोरं भसाभस बाहेर पळाली, फुटाणेवाला आत शिरला. भगवाननं दोराकडं पाहिलं. आशा उठून कुणाशी तरी बोलत होती आणि प्रेमू खाली बसली होती, गुडघ्यांत हनुवटी घालून. ती पळत आली नाही. तिनं इकडं बघितलंही नाही. त्यानं हात वर केला, तो तसाच थोडा वेळ ठेवला आणि मग डोकं खाजवल्यासारखं करून खाली घेतला. आपल्या पोरीला आपण घाबरलो आहोत, हे त्याला त्या वेळी स्पष्ट कळलं. तेवढ्यात पडद्यावर जाहिरातींच्या काचा, म्हणजे रंगवलेल्या स्लाइडी, दाखवायला सुरुवात झाली. एक कपड्याचं दुकान, एक बिडी, मग एक शिंप्याची काच आली आणि तंबूत एकच हशा झाला. ‘उलटी हाये बे! काच फिरव!’ लोक ओरडत होते. भगवानला आधी ते का हसताहेत तेच कळलं नाही, कारण त्यानं ती सगळी अक्षरं वाचून टाकली होती. कचेरीतले रबरी शिक्के रोज हाताळून उलटी अक्षरं त्याला सुलट्याइतकीच सरावाची झाली होती. महाराष्ट्र झाला, नवे मराठी शिक्के आले, तेव्हा खोक्यातला एकेक शिक्का कागदावर न उमटवता नुसता बघून त्यानंच वाचून दाखवला होता आणि साहेबांनी शाबासकी दिली होती. मशीनवाल्यानं काच काढली, फिरवून घातली. शिंप्याचं नाव सरळ झालं. चित्रातला शिंपी आतापर्यंत डाव्या हातात कात्री धरून उभा होता, ती आता उजव्या हातात गेली.

भगवान पडद्याकडं बघत राहिला. कापडाचा पडदा वाऱ्यानं जरा फुगला आणि पुन्हा बसला. तेव्हा त्याला आठवलं, म्हणजे विसरलेलं काही आठवलं असं नव्हे, हे तो कधी विसरलाच नव्हता. वरवट बकालच्या त्या तंबूत मशीनचा पट्टा समोरून येत होता. त्यांच्या पाठीमागून नव्हे. पडद्याच्या पलीकडून, कापडातून गाळून येणारा उजेड त्यांच्या तोंडावर पडत होता आणि आईचा चेहरा त्यामुळंच इतका दिसला होता. पलीकडून पुरुषांच्या शिट्ट्या येत होत्या. तंबूवाल्यानं पडदा मधोमध लावला होता; मशीनच्या बाजूला पुरुष, आणि पडद्यामागं बाया. मोठ्या घरच्या बायांनी पुरुषांसमोर बसायचं नाही, म्हणून त्यांना तिकडून बघायचं. त्या चारचौघी आणि त्यांची लहान पोरं यांना शिलेदार डावखुरा दिसला. शिलेदारच काय, राजाही डावखुरा दिसला असणार, भालदारही, लग्नात अक्षता टाकणारा भटही. शत्रूनंही डाव्या हातानंच तलवार धरली असणार. शत्रूचा हात आपण पाहिलाच नाही. आईनंही नाही पाहिला. तिला एकच हात पाहायचा होता, तो तिनं पाहिला आणि तेवढ्यावर ती पुढचं वर्षभर जगली.

सिनेमा पुन्हा सुरू झाला तो त्यानं पाहिला नाही. त्याच्या डोक्यात एक फार सोपी गोष्ट आली होती आणि ती जाता जात नव्हती. काच उलटी लागली, हे सगळ्यांनी पाहिलं. मग रीळही उलटं लागलं, असं म्हणायला काय हरकत आहे? नऊ वर्षांची पोर. तिला हवंच आहे ते. आशाला दुखावण्यासारखं त्यात काही नाही, गुरुजींना कळायचं कारण नाही, करार आपोआप मोडतो. निकाल पुढच्या तंबूपर्यंत तहकूब. खरं सांगायचं तर आईचं सांगावं लागेल. पडद्यामागं बसलेली आई, तिचा डागलेला हात, तिनं धरलेलं मनगट; आणि ती ज्यावर एवढी हरखली ते तिथं नव्हतंच, हेही. ते त्याला कुणाला सांगायचं नव्हतं. स्वतःलाही नुकतंच कुठं सांगितलं होतं. पडद्यावर शेवटची लढाई लागली तेव्हा शत्रूनं ढाल बरोबर पुढं धरली, वार बरोबर ओळखला, आणि तरीही तो मेला, कारण सिनेमा संपत आला होता.

बाहेर मैदानात पेट्रोमॅक्स बत्त्या लटकत होत्या. आशा पदर सावरत आली, तिच्यामागं प्रेमू. आशाच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काहीच नव्हतं, उलट ती जरा ओशाळली होती. ती म्हणाली, ‘चांगला होता पिच्चर. ते म्हातारीचं लई चांगलं होतं.’ बाजारतळ मागं पडल्यावर भगवान म्हणाला, ‘प्रेमू, मधल्या सुट्टीत ती काच उलटी लागली होती, पाह्यली ना?’

‘हाव.’

‘तसं कधी कधी रीळ बी उलटं लागते. मशीनवाल्याले झोप आली की. मंग सगळंच...’

प्रेमू थांबली. वर त्याच्या तोंडाकडं बघितलं. वाटेवरच्या दुकानातला उजेड तिच्या डोळ्यांवर पडला होता आणि त्या डोळ्यांत एकदम इतकी उमेद आली की भगवानचा जीव भांड्यात पडला. मग ती विचार करताना दिसली. पटावर तो वाघाच्या घराजवळून चिंचोका हळूच पुढं सरकवी, तेव्हाही ती अशीच बघे.

‘पन नावं सुलटी होती,’ ती म्हणाली. ‘मी वाचली ना बाबा. सगळी वाचली.’

‘हाव का,’ भगवान म्हणाला.

आशानं त्याच्याकडं पाहिलं आणि लगेच दुसरीकडं पाहिलं. घरी आल्यावर तिनं ताटं वाढली. जेवताना प्रेमूनं आपणहोऊन उजवा हात पुढं केला. आशा चिंधी आणायला उठली होती, ती परत बसली. वरणभात पोरीच्या बोटांतून ताटात गळत होता. ती पुन्हा गोळा करी, पुन्हा उचली.

सकाळी रविवार होता. आशा आडावर गेली होती. प्रेमू ओसरीवर पाटी घेऊन बसली होती आणि तिच्या बाजूला शिवलेली चित्रं आणि पटाचा पुठ्ठा नीट एकावर एक रचून ठेवला होता, माहेरी जाणाऱ्या बाईनं बोचकं बांधून ठेवावं तसा. भगवान तिच्याजवळ जाऊन बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. रात्रभर जुळवलेली वाक्यं बाजूलाच राहिली. वरवट बकालचा तंबू सांगितला, पडद्यामागं बसलेल्या बाया सांगितल्या, बांगड्या वर सारणारी आजी सांगितली, उलथण्याचा डागही सांगितला. त्यानं पुठ्ठा उचलून पाटीमागं धरून दाखवला, पडदा कसा होता, मशीन कुठं, आजी कुठं. ‘तिकडून तो डावखुराच दिसते, प्रेमू. आजीनं खोटं नाही सांगतलं. मी बी नाही. आम्ही तिकडून पाह्यला.’

प्रेमूनं सगळं ऐकून घेतलं. मध्येच एकदा तिनं विचारलं, ‘आजीले लई भाजलं का?’ आणि त्यानं ‘हो’ म्हटल्यावर स्वतःच्या डाव्या हाताची पाठ उलटी करून बघितली. काल हे सांगितलं असतं तर, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्यानं तो पुढं जाऊ दिला नाही. मग तिनं मान हलवली. रागानं नव्हे. पटातला एखादा नियम त्याला समजावून द्यावा, तसं ती म्हणाली,

‘पन बाबा, आपन तर समोर बसलो होतो ना.’

भगवाननं पुठ्ठा खाली ठेवला. पोरीनं देवाशपथ घेतली होती आणि ती पाळायला बसली होती. तिनं पेन्सिल उजव्या हातात घेतली. मुठीत, खुरपं धरावं तशी. अक्षर उमटवायला गेली की पाटी सरकू लागली.

‘पाटी धरा ना बाबा, हालून राह्यली.’

त्यानं पाटी दोन्ही हातांनी धरली. प्रेमू वाकून लिहू लागली. ‘प’ची काठी तिरकी गेली, तिनं थुंकी लावून पुसली, पुन्हा काढली. ओठ दाबलेले, नाकाच्या शेंड्यावर घाम. आडावरून आशा येत असल्याचा आवाज आला. भगवान पाटीकडं बघत होता, आणि मग त्याला आपल्या मांडीवर काहीतरी हलत असल्यासारखं वाटलं. प्रेमूनं तोल सावरायला डावा हात त्याच्या मांडीवर ठेवला होता. उजवा हात पाटीवर अडखळत होता, आणि इकडं डाव्या हाताचं एक बोट त्याच्या धोतरावर, तिच्या नकळत, तेच अक्षर उलट्या बाजूनं काढत होतं, न अडखळता, सफाईनं. त्याला वाचता येत होतं.

आशा भरली घागर घेऊन दारात आली आणि थांबली. ‘लिहून राह्यली का उजव्यानं?’ तिनं हलक्या आवाजात विचारलं.

‘हो,’ भगवान म्हणाला, आणि मांडी न हलवता तसाच बसून राहिला.